सहा किलोमीटरांचे शेपूट

गेल्या दिवाळीपासून यंदाच्या मेअखेरपर्यंत आमच्या जेवणाच्या टेबलावर फ्रान्स देश पसरलेला होता. सगळा नव्हे, त्याच्या दक्षिणेकडला प्रोव्हाँस नावाचा प्रांत, आणि त्यातलाही हातभर तुकडा. त्या तुकड्यावर आमटीचे दोन डाग पडले. त्यांतला एक नेमका मों व्हाँतू या डोंगराच्या माथ्यावर पडला. "बरं झालं," सौ. म्हणाली, "तुम्ही तिथवर पोचाल न पोचाल, आमटी तरी पोचली."

या सदराच्या वाचकांना माझी मजल ठाऊक आहे. मंडईपासून सुरू होऊन फार तर पर्वतीपर्यंत जाणारा मी माणूस. मराठीचा प्राध्यापक, वय अठ्ठेचाळीस, चष्मा दुहेरी. पण तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वजनाच्या काट्याकडे बोट दाखवले आणि मी पुन्हा सायकलवर बसलो. ज्या पुण्याची ओळखच एके काळी सायकलींचे गाव अशी होती, त्या पुण्यात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सायकल चालवणाऱ्या गृहस्थाकडे आता लोक वळून पाहतात, हा भाग वेगळा.

माझा धाकटा भाऊ बापू अकरा वर्षे मार्सेयला आहे. पाडव्याच्या दिवशी त्याचा फोन आला. आईशी बोलून झाले, सौ.शी बोलून झाले, मग तो मला म्हणाला, "दादा, सायकल चालवतोस म्हणे. सुट्टीत इकडे ये. मिळून एक चक्कर मारू." एवढेच बोलला. पण ते एवढेसे वाक्य त्याला किती जड गेले असेल, हे मला माहीत होते. तीन वर्षे आम्हां दोघा भावांचे बोलणे आईचे रक्तदाब आणि इकडची-तिकडची हवा यांपलीकडे गेले नव्हते. त्याचे कारण पुढे येईलच. मी ताबडतोब हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी नकाशा मागवला. फोनवर नकाशा असतोच. परंतु पेन्सिल घेऊन ज्यावर वाकता येत नाही त्याला मी नकाशा म्हणत नाही.

त्याने सुचवलेली चक्कर अशी. व्हाँतूच्या दक्षिण पायथ्याशी बेद्वँ नावाचे खेडे आहे. तेथून डोंगर चढावयाचा. माथ्यावरून पूर्वेकडे सो नावाच्या गावी उतरावयाचे. (हे नाव लिहिताना पाच अक्षरे आणि उच्चारताना एकच. मराठी शुद्धलेखनाला नावे ठेवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हल्ली हे उदाहरण देतो.) सोहून नेस्क नदीच्या घळईतून पश्चिमेला व्हील-सूर-ओझों आणि तेथून फ्लासाँवरून परत बेद्वँ. सगळे मिळून सुमारे नव्वद किलोमीटर. नव्वद किलोमीटर मी पुणे-सातारा रस्त्यावर केलेले होते, म्हणून प्रथम मला त्यात विशेष काही वाटले नाही. मग मी उंचीचे आकडे पाहिले.

बेद्वँ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांवर आहे आणि व्हाँतूचा माथा १९१० मीटरांवर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईहून उंच डोंगर, आणि तोही जवळजवळ पायथ्यापासून सलग साडेएकवीस किलोमीटर सायकल मारीत चढावयाचा. सिंहगडाच्या घाटाची चढण साधारण साडेपाचशे मीटरांची धरली, तर तीन सिंहगड एकावर एक रचावे लागतील, आणि मध्ये कोठे पिठलेभाकरी नाही.

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे सहकारी हिशेबाला बसले. मी, सायकल, पाणी आणि खाऊ मिळून अठ्ठ्याऐंशी किलो. ते ओझे सोळाशे मीटर वर न्यावयाचे म्हणजे सुमारे चौदा लाख ज्यूल. अडीच तासांत नेले तर दीडशे वॉटचा दिवा अडीच तास अखंड पेटता ठेवण्यासारखे. रस्त्याचे आणि वाऱ्याचे घर्षण वेगळे. "तुमच्या वयाला अशक्य नाही," ते म्हणाले, "पण मधे दिवा विझता कामा नये." बेद्वँपासूनचे पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यांतून सौम्य जातात. मग सँतेस्तेव्हचे वळण येते आणि तेथून पुढे साडेनऊ किलोमीटर जंगलातली वाट सरासरी नऊ टक्के चढते, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की नऊ मीटर वर. मध्ये दम खाण्याजोगी सपाटी नाही. मागचे सर्वांत मोठे दातेरी चक्र पुढच्या लहान चक्राएवढे घेतले, चौतीस दाते पुढे आणि चौतीस मागे, तर पायाच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा पडतो आणि सायकल दोन मीटरांवर थोडी अधिक सरकते. त्या जंगलात असे साडेचार हजार फेरे. हा हिशेब मी आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात मी लक्षाचा जप निम्मा केला असता." तिचा हिशेब कच्चा आहे, पण तो मी दुरुस्त केला नाही.

जंगल संपते तेथे शाले रेनार नावाची जागा आहे. १४१७ मीटरांवरची एक खानावळ आणि तिच्यासमोर रस्त्याचा फाटा. डावीकडे शिखर सहा किलोमीटर. उजवीकडे सो वीस किलोमीटर, उताराचे. ही गोष्ट नकाशावर मला फार उशिरा उमजली आणि उमजल्यावर सगळा आराखडाच बदलला. आमच्या चकरेत शिखर नव्हतेच! चक्कर शाले रेनारलाच वळत होती. शिखर हे तिला जोडलेले सहा किलोमीटरांचे शेपूट होते. जावयाचे आणि त्याच वाटेने परत फिरावयाचे. मी ते लाल पेन्सिलीने रेखले आणि शाले रेनारपाशी एक प्रश्नचिन्ह काढले.

त्या सहा किलोमीटरांत झाड नाही. जहाजबांधणीसाठी आणि सरपणासाठी हा डोंगर शतकानुशतके तोडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालच्या उतारांवर देवदार, ओक, पाइन लावून पुन्हा जंगल उभे केले. माथा मात्र उघडाच राहिला. पांढऱ्या चुनखडीचा खच, दुरून पाहणाऱ्याला जूनमध्येही बर्फ वाटावा असा. आणि वारा! उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या या वाऱ्याला मिस्त्राल म्हणतात. शिखराच्या अलीकडल्या खिंडीचे नावच मुळी वादळांची खिंड. (१९०४ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्या प्रोव्हाँसाल भाषेच्या कवीचे आडनावही मिस्त्रालच. मरू घातलेल्या बोलीसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाला वाऱ्याचे नाव असावे, हे मला भाषाशिक्षक म्हणून आवडले.)

२०१६ साली १४ जुलैला फ्रान्सच्या त्या सुप्रसिद्ध शर्यतीचा शेवट या शिखरावर व्हावयाचा होता. वारा इतका सुटला की संयोजकांनी अंतिम रेषा सहा किलोमीटर खाली, शाले रेनारला आणली. सगळी गर्दी तेथे दाटली, मोटारसायकल अडली, तिच्यावर आपटून पिवळ्या सदऱ्याच्या ख्रिस फ्रूमची सायकल मोडली आणि तो नवी सायकल मिळेपर्यंत चक्क धावत सुटला. बापू म्हणाला, "बघ दादा, त्यांनीसुद्धा शेपूट कापलंच की."

आमचे पहिले भांडण झाले ते दिशेवरून. माझे म्हणणे, चक्कर उलटी करावी. आधी नेस्कची घळई, तिचा चढ अगदी हलका. मग सोहून वर जावे. त्या बाजूने शिखर सव्वीस किलोमीटर लांब, पण चढ सरासरी साडेचार टक्के. बापू म्हणाला, "म्हणजे माथ्यावर पोचायला दुपार. ऊन वर, वारा वाढलेला, आणि त्यानंतर बेद्वँचा तो उभा उतार, थकलेल्या हातांनी ब्रेक दाबत. नको." घळईचा रस्ता नदीच्या उत्तर अंगाने कापलेला आहे. त्या देशात वाहने उजवीकडून चालतात. सोहून पश्चिमेला गेलो तर कडा आपल्या बाजूला आणि दरी रस्त्यापलीकडे. उलट गेलो तर दरी आपल्या कोपराशी. हे त्याने सांगितल्यावर मी नकाशा फिरवून फिरवून पाहिला आणि हार मानली. त्या रात्री फोन एक तास दहा मिनिटे चालला. सौ.ने आतून विचारले, "भांडताय का?" मी म्हटले, "हो." "चालू द्या," ती म्हणाली आणि दार लोटून घेतले.

मग बाकीचे तपशील भराभर ठरले. कॉलेजची सुट्टी मे-जूनची. बर्फामुळे हिवाळ्यात बंद असलेला माथ्याचा रस्ता तोवर खुला झालेला असतो आणि जुलैचे ऊन अजून दूर असते. लव्हेंडरची फुले मात्र जुलैत, म्हणून सोच्या माळावर जांभळा रंग दिसणार नाही. सौ.ला हे समजल्यावर तिची हळहळ पाहून वाटले की ही माझ्या प्राणांपेक्षा फुलांसाठी हळहळत आहे. खेड्यांतली दुकाने दुपारी दोन-तीन तास बंद, म्हणून खाऊ बरोबर हवा. आईच्या खजुराच्या वड्या. माथ्यावर पायथ्यापेक्षा दहा अंश तरी थंडी. चढताना घामाने भिजलेला सदरा उतरताना हाडे गोठवतो, म्हणून जाकीट. जुने शर्यतवाले शिखरावर लोकांकडून वर्तमानपत्र मागून घेत आणि उतारापूर्वी ते छातीशी खुपसत. आपले साप्ताहिक त्या कामी येईल, असे मी संपादकांना कळवले. दिवाळी अंक मात्र जाड पडेल.

याच सुमारास मी पेत्रार्क काढला. त्या इटालियन कवीने २६ एप्रिल १३३६ रोजी हाच डोंगर चढल्याचे त्याचे एक पत्र आहे. उत्तरेकडल्या मालोसेन गावातून, पायी, बरोबर धाकटा भाऊ गेरार्दो. वाटेत एक म्हातारा धनगर भेटला. तो पन्नास वर्षांपूर्वी वर गेला होता आणि पश्चात्ताप व फाटके कपडे यांखेरीज त्याला काही मिळाले नव्हते. त्याने पुष्कळ अडवले. ही पोरे ऐकत नाहीत असे पाहून जड सामान ठेवून घेतले आणि वाट दाखवली. मग धाकटा भाऊ धारेने सरळ वर निघाला. थोरला, म्हणजे कवी, सोप्या वाटा शोधत राहिला. सोपी वाट प्रत्येक वेळी त्याला खाली दरीत नेई, आणि मग अधिक चढून धाकट्याला गाठावे लागे. असे एकदा नव्हे, अनेकदा. विद्वान म्हणतात की हे पत्र बहुधा चढाईनंतर कित्येक वर्षांनी, १३५३च्या सुमारास रचलेले असावे. संपादकांना दोन दिवस उशिरा मजकूर देणाऱ्याला यातून केवढा धीर येतो!

ही हकिगत मी बापूला फोनवर सांगितली. तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, माझी एक अट आहे."

"बोल."

"वर जाताना मी विचारलं, कसं आहे, तर 'ठीक आहे' म्हणायचं नाही."

आता ते कारण सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी वडील इस्पितळात बारा दिवस होते. बापूच्या घरी बाळंतपण दहा-पंधरा दिवसांवर आलेले. तो रोज रात्री फोन करी आणि मी रोज सांगे, "ठीक आहे. काळजीचं कारण नाही." नवव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. त्याही रात्री मी म्हणालो, ठीक आहे. दहाव्याला तेच. अकराव्याला तेच. तो आला तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. मला एक शब्द बोलला नाही. बायकोला परक्या मुलखात त्या अवस्थेत टाकून त्याने यावे की येऊ नये, याचा हिशेब मी त्याच्या वतीने परस्पर केला होता. तो योग्य होता असे मी तीन वर्षे स्वतःला सांगत आलो होतो.

"नाही म्हणणार," मी फोनवर म्हणालो.

याच डोंगरावर १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्प्सन हा इंग्रज शर्यतवाला मेला. वय एकोणतीस. भयंकर ऊन होते. शिखर एक-दीड किलोमीटरवर असताना तो पडला, लोकांनी त्याला पुन्हा सायकलवर बसवले, थोडे पुढे जाऊन तो पुन्हा पडला. शरीरात उत्तेजक औषध आणि मद्य सापडले. देह थांबा म्हणत होता ते त्याला ऐकू येऊ नये, अशी व्यवस्था त्या औषधाने केली होती. तेथे त्याचा स्मृतिस्तंभ आहे. येणारेजाणारे त्यापाशी पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवतात. मी हृदयाच्या तपासण्या करून घेतल्या, त्या चांगल्या आल्या, आणि दर रविवारी सिंहगड चढू लागलो. एप्रिलमध्ये एका सकाळी लागोपाठ दोनदा चढलो. तिसऱ्यांदा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी सव्वासहाला, भाड्याच्या सायकलवर मी आणि स्वतःच्या सायकलवर बापू असे बेद्वँहून निघालो. हवामानाच्या अंदाजात दहानंतर वारा होता. मळ्यांतून जाताना बापू त्याच्या मुलीच्या गमती सांगत होता. सँतेस्तेव्हच्या वळणानंतर तो गप्प झाला, आणि मी तर बोलण्याच्या स्थितीतच नव्हतो. दर किलोमीटरला एक दगड. त्यावर उरलेले अंतर आणि पुढचा चढ लिहिलेला. असले दगड कोणी लावले असतील ते असोत, त्यांना माणसाच्या मनाची दया नव्हती. मी फेरे मोजावयाचे ठरवले होते. तीनशेनंतर विसरलो. घाम चष्म्याच्या आत, माश्या कानाशी, आणि पुढे बापूच्या पाठीवरचा ओला डाग. तो मुद्दाम हळू चालला होता हे दिसत होते.

साडेआठ वाजता झाडे विरळ झाली आणि शाले रेनार आले. झाडांच्या आडोशातून बाहेर पडताच वाऱ्याने माझी सायकल हातभर बाजूला लोटली. वारा अंदाजाआधी आला होता. डावीकडे तो पांढरा माथा आणि त्यावरचा मनोरा इतका जवळ, की हात लावावा. दोन तरुण डोके खाली घालून तिकडे वळले. बापू उतरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "कसं आहे?"

माझ्या तोंडात 'ठी' आला होता. तो मी गिळला.

"मांड्या संपल्यात," मी म्हटले. "छाती बरी आहे. पण या वाऱ्याची मला भीती वाटते. वर गेलो तर मी तुझ्या भीडेखातर जाईन."

बापूने एकदा शिखराकडे पाहिले. त्याला वर जावयाचे होते. ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ होते. "चल मग सोला," तो म्हणाला आणि जाकिटाची साखळी लावू लागला.

वीस किलोमीटर उतार, वारा पाठीशी. सोच्या बाजूची झाडी, मग खाली करड्या-हिरव्या लव्हेंडरच्या ओळी, फुलांवाचून. गावात बदाम घातलेला नूगा विकत घेतला. चवीला आपल्या चिक्कीचा मऊ स्वभावाचा चुलतभाऊ. घळईत वळणावळणांचा रस्ता, खडकातून कोरलेले छोटे बोगदे, कडा आमच्या बाजूला, दरी पलीकडे, बापूने सांगितल्याप्रमाणे अगदी. एके ठिकाणी सज्जासारखी जागा आहे. तेथून समोर मेणाचा कडा म्हणून प्रसिद्ध असलेला मोठा सुळका दिसतो. नदी खाली इतकी खोल, की आवाज येत नाही. आम्ही कठड्यावर बसलो.

"नवव्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते?" बापूने विचारले.

मी सांगितले. मग दहाव्या दिवसाचे, अकराव्याचे, शेवटल्या पहाटेचे. वडिलांनी दोनदा विचारले होते, बापूचा फोन आला का, आणि मी त्यांनाही म्हणालो होतो, ठीक आहे तो, हेही सांगितले. हे मी आजवर आईलाही सांगितलेले नव्हते. बापूने मध्ये काही विचारले नाही. समोरच्या कड्याकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला.

"पाणी आहे का तुझ्याकडे? माझं संपलं."

माझी बाटली अर्धी होती. ती त्याने सगळी प्यायली.

नकाशा आता घडी घालून कपाटात आहे. शाले रेनारपासून शिखरापर्यंतची लाल रेघ तशीच आहे, फक्त प्रश्नचिन्ह बापूने तेथे असतानाच खोडून टाकले. या दिवाळीला तो बायको-मुलीसह येतो आहे. त्याचे विमान वसुबारसेच्या पहाटे उतरते. परवा फोनवर त्याने विचारले, सिंहगडावर हल्ली सकाळी किती वाजता सोडतात, आणि त्याच्या मापाची सायकल पुण्यात भाड्याने मिळते का. आईने टेबल पूर्ण मोकळे करून ठेवावयास सांगितले आहे.